फोटोंत न सापडलेली सून

ये गो बाय, अशी पुढे ये. दारात उभी राहून पोलिसाची गोष्ट ऐकतात होय? पायही दुखतील आणि अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल. बस. आणि आधीच बोलून घेते, रागावू नकोस. तुम्ही वाचणारी माणसं सगळी लबाड. निवृत्त बाईकडून तुम्हाला शाबासकीच्या गोष्टी हव्यात. चोर कसा धरला, कबुली कशी काढली, साहेबांनी पाठ कशी थोपटली. "मॅडम, तुमचं चुकलं कधी?" असं आजवर एकानेही विचारलं नाही. विचारायला काय जातं?

नाही विचारलंत तरी आज सांगते. त्या मंगळवारची दुपार माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. तांदूळ निवडताना, देवाला फुलं घालताना, मधेच ती मुलगी माझ्यासमोर येऊन बसते आणि चष्म्याच्या काचा ओढणीने पुसते.

मी शिपाई म्हणून लागले आणि उपनिरीक्षक म्हणून घरी आले. शाळा दहावीपर्यंत. बाकी जे आलं ते ठाण्यात आलं. लिहायलासुद्धा पंचनामे लिहून लिहूनच शिकले, म्हणून हे बोलल्यासारखं वाचा. ठाणं उत्तर गोव्यातलं, याहून जास्त सांगणार नाही. माणसांची नावंही खरी नव्हेत.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. कॉम्प्युटर आले तेव्हा माझ्या वयाची माणसं त्याला लांबून नमस्कार करायची. मी मात्र भाच्याच्या मागे लागून शिकले. एका जत्रेत एका बाईची साखळी गेली होती. गावातल्या लोकांनी मोबाईलवर काढलेले फोटो मी मागवून घेतले, वेळेप्रमाणे लावले आणि एकच चौकड्यांचा शर्ट तीन वेगवेगळ्या बायकांच्या पाठीमागे उभा दिसला. शर्टवाला सापडला, साखळी सापडली. तेव्हापासून आमचा हवालदार मला 'फोटोवाल्या मॅडम' म्हणायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एका सोमवारी सकाळी एक बाई तक्रार घेऊन आल्या. हरमलच्या बाजूचं गाव. जुनं घर आणि माडांखाली पर्यटकांना द्यायला नव्या बांधलेल्या चार खोल्या. आदल्या दिवशी, रविवारी, त्या खोल्यांची वास्तुशांत झाली. अंगणात मांडव घातला होता, दीडशे पानं उठली. पूजेला बाई आणि त्यांचे यजमान बसले होते. बाईंच्या गळ्यात सासूकडून आलेली पुतळ्यांची माळ होती. आरती झाल्यावर स्वयंपाकाकडे बघायला जायचं, घामाने गळा चिकटलेला, म्हणून माळ काढून त्यांनी जुन्या घरातल्या कपाटात डबीत ठेवली. संध्याकाळी बघतात तर डबी आहे, माळ नाही.

"कपाटाला कुलूप?"

"घरचींच माणसां. कुलूप कित्याक?"

"संशय कोणावर?"

बाई जरा घुटमळल्या. पदर सारखा केला. "नाव कसें घेवचें, मॅडम? पूण घरांत भायलें माणूस एकूच."

"कोण?"

"सून."

हवालदार मान खाली घालून लिहीत होता, त्याने माझ्याकडे बघितलं. लग्नाला तीन वर्षं झालेली सून, आणि ती बाहेरचं माणूस. मला तेव्हाच थांबून त्या वाक्याकडे बघायला हवं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला.

"सुनेचं नाव?"

"गौरी."

लिहून घेतलं. 'गौरी, वय अंदाजे सत्तावीस, तक्रारदाराची सून.'

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगेना. "त्या सुनेच्या बापायचो ट्रक खाणी बंद जाल्यापासून दारांत कुसता. माळ सोदूंक जाय जाल्यार सुर्लाक वचात." एवढं बोलून फोन ठेवला. मुलीचं माहेर सुर्लाला, म्हणजे माळ माहेरी पोचली असं सुचवणं. खबर देणाऱ्याचं ओझं खबरीपेक्षा आधी तोलायचं, हे मी नव्या पोरींना शिकवत असे. त्या दिवशी ओझं मला आयतं डोक्यावर चढवून दिलेलं होतं आणि मी ते घेऊन चालू लागले. सासू म्हणते सून, फोन म्हणतो सून, आणि बापाला कामधंदा नाही. झालं की जुळून!

आता नियम ऐक. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही. तिच्या घरी जाऊन विचारायचं. हा नियम मला पाठ होता. तरी मी तिच्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, "उद्या दहाला बायकोला घेऊन या. वास्तुशांतीचे फोटो आहेत ना तुमच्याकडे? तेही आणा." आणि मंगळवारी ती आल्यावर स्टेशन डायरीत माझ्या हाताने नोंद केली की सदर बाई स्वखुशीने हजर झाली. अशी नोंद केली की नियमही मोडत नाही आणि कामही होतं. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगितलं.

ती आली. पिवळा पंजाबी ड्रेस, जाड काचांचा चष्मा, केस घट्ट बांधलेले. मी तिला बस म्हटलं आणि थेट विचारलं, "आरती संपल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत कुठे होतीस?"

"मांडवात. वाढत होते."

"एकदाही जुन्या घरात गेली नाहीस?"

"नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही."

"कोणी बघितलं?"

"दीडशे माणसांनी," ती म्हणाली. उर्मटपणे नव्हे, जे होतं ते सांगितल्यासारखं.

मी पाहुण्यांपैकी पाचजणांना सोमवारीच फोन केले होते. भात कोणी वाढला? एक म्हणाला, शेजारच्या बायका होत्या वाटतं. दुसऱ्याला खतखतं अप्रतिम झाल्याचं आठवत होतं, वाढणारी आठवत नव्हती. माणूस पंगतीला बसला की पानाकडे बघतो. वाढणाऱ्या हाताकडे बघेल, बांगड्या बघेल, चेहऱ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मी 'पाच साक्षीदारांपैकी एकानेही पाहिले नाही' असं टिपून ठेवलं होतं.

नवरा वास्कोला बंदरातल्या एका कचेरीत नोकरीला. आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी. फोटोंचा नाद कॉलेजपासूनचा. लॅपटॉप आणि एक बाहेरून जोडायची डिस्क घेऊन आला होता. मला बघायला मिळेल याचा त्याला थोडा अभिमानच होता बिचाऱ्याला. चाळीस हजारांवर फोटो. स्वतःचे, फोटोग्राफरकडून घेतलेले, पाहुण्यांच्या मोबाईलमधले, सगळे एका जागी.

"शोधता कसे एवढ्यातून?" मी विचारलं.

"सोपं आहे, मॅडम. डावीकडे फोल्डर, उजवीकडे माणसं. फोल्डरवर टिचकी मारली की तो दिवस. माणसावर मारली की ते माणूस. दोन्हीवर मारली की त्या दिवशीचं तेवढंच माणूस."

"आणि माणसांची नावं कोण घालतं?"

"एकदा आपण घालायची. मग कॉम्प्युटर तो चेहरा ओळखतो आणि आपोआप त्या नावाखाली टाकतो."

मला ते फार पसंत पडलं. माझ्या जत्रेच्या वेळी असं काही असतं तर डोळे फुटले नसते. खुर्ची पुढे ओढून मी म्हटलं, "वास्तुशांत. आरतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत. आई."

बाईंचे सव्वीस फोटो आले. यजमानांचे चाळीस. आचाऱ्याचेसुद्धा नऊ.

"आता गौरी."

त्याने टिचकी मारली. पांढरा पडदा. एकही फोटो नाही.

"परत मार."

परत मारली. सकाळच्या पूजेच्या फोल्डरात तिचे चार होते, चष्मा लावलेली, समया घासताना. आरतीनंतर काही नाही. साडेसातशे फोटोंत दीडशे माणसं होती, कुत्रं होतं, आचाऱ्याचा डाव होता. ती नव्हती, असं मशीन म्हणत होती, आणि एकेक फोटो उघडून बघायचे कष्ट मी घेतले नाहीत.

इथे मी जे केलं ते आधी सांगते आणि मग श्वास घेते. मी तो लॅपटॉप उचलून तिच्या नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. "बघा. तुमचीच मशीन. तुमची बायको दोन तास होती कुठे?"

ती उठून उभी राहिली. "असं कसं होईल? मी तिथेच होते." मग नवऱ्याकडे वळली. "अरे, तू सांग ना. तुला सोलांची कढी कोणी वाढली? तू म्हणालास, आणखी घाल."

तो पडद्याकडेच बघत राहिला. मग हळू म्हणाला, "कोणीतरी वाढली. मी फोनवर होतो."

बाय, मी खून झालेली माणसं बघितली आहेत. पण ऐकता ऐकता माणसाचा चेहरा विझताना मी त्या दिवशी बघितला. ती खाली बसली, चष्मा काढला, काचा पुसायला लागली. आणि मला वाटलं, सापडली! खोटं पकडलं गेलं की माणूस असंच हातांना काम देतो. आमच्या विद्येत तेही बसत होतं.

मग मी तिला साडेतीन तास विचारलं. ओरडले नाही. ओरडणारा पोलीस माणसं दोन दिवसांत विसरतात. मी मऊ बोलले. एकच प्रश्न तीन बाजूंनी फिरवला. पाणी दिलं, चहा दिला. "हे बघ, बापाची अडचण असते, मला समजतं. तू काय चैनीसाठी नाही घेतलीस. दे परत, मी घरातल्या घरात मिटवते."

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मॅडम, माझ्या पप्पांना यात आणू नका. तुमच्या पाया पडते."

पाया पडते म्हणाली ना, तीच मला अर्धी कबुली वाटली. मी महिला शिपायाला तिच्या घरी पाठवलं. तिच्या खोलीतलं कपाट सासूसमोर उघडलं. साड्या, लग्नातला शालू, आतले कपडे, सगळं एकेक करून बाहेर बलकांवावर, दारासमोरच्या बाकांवर, ठेवलं. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे माहेरी गेलं, असा मी अर्थ लावला. एकदा नजर ठरली की रिकामं कपाटसुद्धा पुरावा होतं.

तीनच्या सुमारास बाहेर कोणाशी तरी हवालदाराची हुज्जत चाललेली ऐकू आली. मी दारात गेले. पासष्टीचा माणूस, खाकी पँट, पायात झिजलेल्या चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पाव आणि केळी. दोन बसगाड्या बदलून आलेला.

"साहेबा, आमचें दर्शना हांगा आसा न्हय? सकाळधरून जेवंक ना तें."

"दर्शना-बिर्शना कोण ना हांगा," हवालदार म्हणाला. "सकाळपासून एकच बायल बसल्या. ती गौरी."

"तीच ती."

"अहो काका, गौरी म्हणतोय मी."

त्या माणसाने हात जोडले. पिशवी मनगटाला लोंबत होती. "गौरी तांची, साहेबा. आमची दर्शनाच."

मी दाराची चौकट धरली.

माणसांच्या यादीत ते नाव मी बघितलं होतं. उजवीकडे, चेहऱ्यांच्या छोट्या छोट्या गोलांत: आई, बाबा, ताई, गौरी, दर्शना, आणखी पंचवीस. दर्शना म्हणजे कोणी मावसबहीण असेल म्हणून डोळा पुढे सरकला होता. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात, नवरा ते वाचतो, सगळे हसतात, आणि चोवीस वर्षांची मुलगी त्या ताटातून दुसरीच कोणी होऊन उठते. हे मला कोणी सांगायला हवं होतं का? बाय, माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकात एक नाव आहे आणि माझ्या सासरी दुसरं. पगार एका नावाने घेतला, हळदीकुंकू दुसऱ्या नावाने. लग्नानंतर वर्षभर सासूबाई हाक मारायच्या तर मी ओ द्यायची नाही, मला हाक मारलेली कळायचीच नाही. आणि मी, अशी मी, त्या मुलीला तिचं नाव विचारलं नव्हतं. चौकशीचा पहिला प्रश्न नाव. चोराला, भिकाऱ्याला, दारू पिऊन पडलेल्याला आम्ही आधी नाव विचारतो. हिचं मी सासूकडून लिहून घेतलं होतं.

आत येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "दर्शनावर मारा."

त्याने माझ्याकडे बघितलं.  त्याला समजलं होतं.

त्रेसष्ट फोटो आले.

मांडवभर ती होती. भाताचं पातेलं कमरेला लावलेली. खतखत्याची बादली घेऊन वाकलेली. पहिल्या पंगतीला, दुसऱ्या पंगतीला, तिसऱ्या. नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आणि डोळ्यांवर चष्मा नाही. वाफेने काचा धूसर होतात म्हणून काढून ठेवला होता. साखरपुड्यालाही सासूने चष्मा काढायला लावला होता, फोटो चांगले यावेत म्हणून. तेव्हा ती दर्शना होती. नवऱ्याने त्याच नावाने ते फोटो घातले होते. लग्नानंतर रोजचे फोटो आले, चष्म्यातले, त्यांना त्याने गौरी म्हटलं. मशीनने आपल्या परीने नीट लावून ठेवलं होतं: चष्मा घालून समया घासते ती गौरी, नटून उभी राहते ती दर्शना. रविवारी दुपारी नटलेली बाई मांडवात आली, मशीनने तिला दर्शना म्हणून ओळखलं. मशीनचं काही चुकलं नव्हतं. आम्हा दोन माणसांचं चुकलं होतं, आणि त्यांपैकी एकाने तिला दर्शना म्हणून हाका मारत सहा महिने फोनवर रात्री घालवल्या होत्या.

चाळिसाव्या-बेचाळिसाव्या फोटोशी तो थांबला. कोणा पाहुण्याच्या मोबाईलवरचा फोटो, तिरका आलेला. तो स्वतः पंगतीला बसला आहे, डाव्या हाताने फोन कानाला धरलेला, उजव्या हाताने पेला पुढे केलेला. आणि ती तांब्यातून त्याच्या पेल्यात कढी ओतते आहे. ती त्याच्याकडे बघून हसते आहे. तो दुसरीकडे बघतो आहे.

त्याने लॅपटॉप मिटला नाही, तो फोटो तसाच उघडा ठेवला. 

मी तिच्याकडे गेले. बाप तिच्या शेजारी बाकावर बसला होता, केळं सोलून तिच्या हातात देत होता आणि ती खात नव्हती. मी काय म्हणाले माहीत आहे? शब्द न् शब्द आठवतो. "झालं, बाय. तुझं काही नाही यात. जा घरी, मनाला लावून घेऊ नको."

माफ कर, हे दोन शब्द आहेत. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत ते माझ्या तोंडी कधी बसलेच नव्हते. तेव्हा ते जिभेपर्यंत आले आणि टोपीने त्यांना खाली ढकललं.

ती उठली. माझ्या टेबलावर स्टेशन डायरी उघडी होती. ती उलट्या बाजूने वाचत होती. "मॅडम, स्वखुशीने आले असं लिहिलंय."

"ते लिहावं लागतं."

"मी स्वखुशीने नाही आले. एवढं तरी खोडा."

"डायरीत खाडाखोड चालत नाही," मी म्हटलं.

खरं आहे ते. चालत नाही. पण खाली नवी नोंद करता येते: वरील नोंद चुकीची, बाईस फोनवरून बोलावून घेतले होते, ती निर्दोष आढळली. दोन ओळी. माझं पेन खिशात होतं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर साहेबांनी विचारलं असतं, बाईला ठाण्यात बोलावलं कोणी? म्हणून लिहिल्या नाहीत. आज लिहिते. ती स्वखुशीने आली नव्हती. मी बोलावली होती. ती मांडवात होती, ती खरं बोलत होती, आणि मी तिला तिचं नाव विचारलं नव्हतं.

ती बापाबरोबर सुर्लाला गेली. नवरा फाटकापर्यंत मागे गेला, तिने मागे बघितलं नाही.

माळीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला चोर कोण ते कळल्याशिवाय झोप येणार नाही. त्याच त्रेसष्ट फोटोंपैकी दोन-तीनांत तिच्या पाठीमागे जुन्या घराचं दार दिसत होतं. एकात नणंद दारातून आत जाते आहे. पुढच्यात बाहेर येते आहे, खांद्यावरची पर्स हाताने पोटाशी दाबलेली. 'ताई' हे नाव मी मंगळवारी लावून बघितलंच नव्हतं. तक्रारदाराची मुलगी, तिला कशाला बघायचं? बुधवारी मी तिच्या सासरी गेले. या वेळी नियमाने, घरी जाऊन. "या, बसा" म्हणाली आणि तो आवाज मी ओळखला. फोनवरचा. दहा मिनिटांत रडायला लागली. तांदळाच्या डब्यातून माळ काढून दिली. "आयनं ती माका कबूल केल्ली," म्हणाली. "आता त्या भायल्या चेडवाच्या गळ्यांत घालपाची म्हणटा." भायलें चेडूं, म्हणजे सून.

आई संध्याकाळी ठाण्यावर आली. "घरची गजाल घरांत ऱ्हावूं दी, मॅडम. माळ मेळ्ळी. आमची तक्रार ना." मी कागद केला: माळ घरातच मिळाली, गैरसमजातून अर्ज दिला होता, तक्रार नाही. सही. प्रकरण बंद. मुलीचं नाव वाचलं, आईची इभ्रत वाचली, माझा रेकॉर्ड स्वच्छ राहिला. कागदावर सुनेचा उल्लेखच नव्हता. मग ती सुटली कशातून, हे गावाला कळणार कसं? गावाला एवढंच माहीत राहिलं की पोलिसांनी सुनेला दिवसभर बसवून ठेवलं, कपाट उपसलं, आणि ती माहेरी गेली ती आली नाही. काहीतरी असल्याशिवाय का?

नवरा दोनदा सुर्लाला जाऊन हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तिने विचारलं म्हणे, "कोणाला न्यायला आलास?" त्याने वास्कोला एक खोली घेतली. बऱ्याच महिन्यांनी ती तिथे राहायला गेली, स्वतःही नोकरी धरली. हरमलच्या बाजूला पाऊल टाकलं नाही. हे त्यानेच मला सांगितलं, एकदा बाजारात भेटला तेव्हा. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

पुढे निवृत्त झाल्यावर एकदा मी पणजीच्या बसस्टँडवर उभी होते. समोरच्या गाडीत खिडकीशी ती होती. चष्मा, घट्ट बांधलेले केस. चार पावलांवर. दरोडेखोरांच्या मागे रानात धावलेली बाई मी, माझे पाय तिथून हलले नाहीत. मग हलले ते उलट दिशेला. मी प्रसाधनगृहात जाऊन उभी राहिले, गाडी सुटेपर्यंत. कधी कधी वाटतं, तिने मला बघितलं होतं. त्यापुढचा विचार मी करत नाही.

शिकले काय, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. मला मोठं काही लिहिता येणार नाही. पूर्वी फोटोत माणूस दिसला म्हणजे तो तिथे होता, एवढं मी शिकले होते. फोटोत दिसला नाही म्हणजे तो तिथे नव्हता, हे मी आपल्या मनाने जोडलं. कोणी शिकवलं नव्हतं. आणि मशीनला नावं कोणी घातली, कधी घातली, कोणाच्या आनंदासाठी घातली, हे न विचारता तिच्या उत्तरावर मी एका घराची राख केली. त्यानंतर नोकरी उरली तितके दिवस मी प्रत्येक बाईला दोन नावं विचारली. हवालदार हसायचा. हसू दे.

आता उरलेलं तिच्याशी बोलते, बाकीच्यांनी उठलात तरी चालेल.

बाय, तू हे वाचशील की नाही, ठाऊक नाही. मीच तुझ्याकडे यायला हवं, मोठी असले तरी. दोनदा वास्कोपर्यंत आलेही. पण मग मनात आलं, पोलीस बाई तुझ्या दारात उभी राहिली तर शेजारी पुन्हा काय बोलतील? एकदा केलं ते पुरे नाही झालं का? म्हणून तुलाच बोलावते. या वेळी यायचं की नाही, ते तुझ्या मनावर. मी निरोप ठेवणार नाही, नवऱ्याला फोन करणार नाही. आलीस तर पप्पांना आण. त्यांनी त्या दिवशी माझ्या ठाण्यात जोडलेले हात मला परत करायचे आहेत. माझी साठी होऊन बरीच वर्षं गेली, साखर आहे, गुडघे गेले, फार थांबायला सांगू नको. दुपारी मी घरीच असते. गणपतीच्या चवथीच्या आधी जमलं तर बघ. ये गो दर्शना, लवकर ये.